तहान आणि मॅरेथॉन

लांब पल्ल्याच्या धावण्यात पाणी किती प्यावे, या साध्या दिसणाऱ्या प्रश्नाचे उत्तर हाती यायला जवळजवळ शंभर वर्षे लागली. विसाव्या शतकाच्या आरंभी शर्यतीत पाणी पिणे हे दुबळेपणाचे लक्षण समजले जाई आणि शतक संपता संपता तहान नसतानाही पाणी पीत राहण्याचा आग्रह धरला जाऊ लागला. या दोन्ही समजुतींपायी धावपटू मरणाच्या दारात गेले.

पहिल्या समजुतीचे टोक ३० ऑगस्ट १९०४ रोजी अमेरिकेतील सेंट लुइस येथे दिसले. ऑलिंपिकची ती मॅरेथॉन भर दुपारी, सुमारे ३२ अंश सेल्सियस तापमानात आणि पुढे धावणाऱ्या मोटारींनी उडवलेल्या धुळीत झाली. पाण्याची सोय मात्र नावापुरती, सुमारे १९ किलोमीटरवरील एका विहिरीजवळ होती, कारण शरीरातील पाणी घटू दिल्यास काय होते हे मुख्य आयोजक जेम्स सलिव्हन यांना पाहायचे होते. ३२ स्पर्धकांपैकी १४ जणांनीच शर्यत पूर्ण केली, तर विल्यम गार्सिया हा धावपटू पोटात गेलेल्या धुळीने रक्तस्राव होऊन मरता मरता वाचला. विजेता ठरलेल्या थॉमस हिक्सने पाणी मागितले, तेव्हा त्याच्या साहाय्यकांनी फक्त त्याचे तोंड ओल्या स्पंजने पुसले आणि त्याला अंड्याच्या पांढऱ्या बलकातून स्ट्रिक्नीन, म्हणजे काजऱ्याच्या बियांत असणारे विष, पाजले. त्यावर ब्रँडीही दिली. भ्रमिष्ट अवस्थेतील हिक्सने दोघांच्या आधाराने अंतिम रेषा गाठली. त्याच्या सोबत असलेल्या चार्ल्स लुकस यांनी पुढल्या वर्षी प्रसिद्ध केलेल्या वृत्तान्तात मॅरेथॉनमध्ये औषधांचा धावपटूंना फायदा होतो, असा निष्कर्ष काढला. चूक घडली म्हणून धडा आपोआप मिळतो, हे गृहीतच येथे खोटे ठरते. धावपटू जिंकला की त्याच्याबाबत केलेली चूकही उपाय म्हणून पुढे चालवली जाते.

१९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पोर्तुगालच्या फ्रान्सिस्को लाझारोने उन्हापासून बचाव व्हावा म्हणून अंगाला मेणासारखा स्निग्ध लेप फासल्याचे सांगितले जाते. घामाचे बाष्पीभवन होत असताना शरीराची उष्णता बाहेर पडते, आणि असा लेप नेमकी तीच वाट अडवतो. सुमारे ३० किलोमीटरनंतर तो कोसळला व दुसऱ्या दिवशी मरण पावला. याउलट १९२० मध्ये अँटवर्पच्या थंड, पावसाळी हवेत बेळगावच्या फडेप्पा चौगुले यांनी मॅरेथॉन २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पूर्ण करून १९ वा क्रमांक मिळवला. जुन्या शर्यतींचे हे निकाल ताडून पाहताना हवामानाचा विचार पाण्याइतकाच आवश्यक ठरतो. तरीही १९५० च्या दशकातील आंतरराष्ट्रीय नियमांनुसार पहिल्या १५ किलोमीटरपर्यंत खाण्यापिण्याची सोय केली जात नसे.

पुढे काटा पार उलट्या दिशेला गेला. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या १९९६ च्या मार्गदर्शक सूचनांत दर तासाला ६०० ते १२०० मिलिलिटर द्रव घ्यावा असे म्हटले होते. वेगवान धावपटूला धावता धावता इतके पिणे जमतच नाही. पण पाच तास रमतगमत धावणाऱ्या हौशी माणसाला ते सहज जमते, आणि त्याच्या पोटात सहा लिटरपर्यंत पाणी जाऊ शकते. दीर्घ श्रमाच्या वेळी शरीरात मूत्र रोखणारे संप्रेरक स्रवत असल्याने जादा पाणी बाहेर पडत नाही, रक्तातील सोडियम पातळ होते आणि पाणी पेशींत शिरून मेंदूला सूज येते. कवटी ताठर असल्याने त्या सुजेला जागा मिळत नाही. या अवस्थेला हायपोनेट्रेमिया म्हणतात. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त तपासले असता १३ टक्के जणांचे सोडियम सामान्य पातळीच्या खाली, म्हणजे लिटरमागे १३५ मिलिमोल किंवा त्याहून कमी आढळले, आणि धावताना ज्यांचे वजन वाढले होते त्यांना धोका सर्वाधिक असल्याचे दिसून आले. त्याच शर्यतीत एका तरुण धावपटू स्त्रीचा याच विकाराने मृत्यू झाला.

या विकाराची खरी भीती लक्षणांच्या साम्यात आहे. मळमळ, डोकेदुखी आणि गोंधळलेले बोलणे ही चिन्हे पाणी कमी पडल्यावरही दिसू शकतात, त्यामुळे मदतीला धावलेला स्वयंसेवक सद्भावनेने आणखी पाणी पाजतो आणि रोग्याची अवस्था बिघडवतो. गंभीर रोग्याला तर याउलट शिरेतून मिठाचे तीव्र द्रावण द्यावे लागते.

मुंबईची मॅरेथॉन जानेवारीत पहाटे सुरू होत असली, तरी दमट हवेत घाम वाळत नाही, आणि सावकाश धावणाऱ्यांच्या वाट्याला शेवटचे तास उन्हात येतात. अशा धावपटूने तहानेला प्रमाण मानावे आणि सरावाच्या दिवशी धावण्यापूर्वी व नंतर वजन करून पाहावे; एक किलो घट म्हणजे साधारण एक लिटर घाम. वजन वाढलेले आढळले, तर प्यायलेले पाणी गरजेपेक्षा जास्त होते असे समजावे, आणि शर्यतीनंतर असा धावपटू असंबद्ध बोलू लागला, तर सोडियमची तपासणी होईपर्यंत त्याला पाणी पाजू नये.