वारा आणि देवमासा

कुंभकोणम् हे कावेरीकाठचे, समुद्रापासून बरेच आत वसलेले क्षेत्र असल्यामुळे तेथील रहिवाशास देवमाशाची ओळख होते ती बहुधा जवळच्या तंजावरास, मराठे राजांच्या वाड्यात जतन केलेल्या, तरंगंबाडीच्या किनाऱ्यास लागलेल्या देवमाशाच्या अजस्र अस्थिपंजरावरून. जिवंत प्राण्याचे दर्शन घ्यावयाचे तर मात्र श्रीलंकेतील मिरिस्सा गाठावे, हे उत्तम. तेथील हंगाम साधारणतः नोव्हेंबर ते एप्रिल असा ठरला आहे. कारण नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या अमदानीत तो दक्षिण किनारा खवळलेला असतो.

पण हंगामातही वारा वाढतो, आणि तो ताशी २० किलोमीटरांच्या वर गेला, म्हणजे १८०५ साली ब्यूफर्ट या नौदल-अधिकाऱ्याने योजिलेल्या श्रेणीची चौथी पायरी लागली, की लाटांचे माथे जागोजाग फुटून पांढरे दिसू लागतात. मग निळ्या देवमाशाचा, एरवी नऊ मीटरांपर्यंत सरळ उभा चढणारा उच्छ्वासाचा फवारा वाऱ्याने तिरपा होऊन त्या फेसातच विरून जातो, आणि पाठीवरचा पर तर शरीराच्या मानाने इतका चिमुकला, व तोही शेपटीकडे, की लाटांत तो हुडकणे अनुभवी खलाशासही जड जाते. अशा दिवशी नाखव्याने फेरी तहकूब केली, तर ती कामचुकारी समजू नये. निघालेच, तर नौकेच्या मध्यभागी बसावे, कारण हेलकावे तेथे सर्वांत कमी. आणि दृष्टी दुर्बिणीत न खुपसता क्षितिजावर ठेवावी.