गोव्यात गाडीला हीटर कशाला?

डिचोलीच्या बाजारात गाडीच्या हीटरबद्दल विचारा, समोरचा आधी हसेल. थंडीच्या पहाटेही आपल्याकडे पारा वीसच्या आसपास. गरम हवा हवी कोणाला? म्हणून इथल्या बहुतेक गाड्यांत ते लाल-निळे बटण वर्षानुवर्षे निळ्या टोकालाच असते. मग चवथ येते, पाऊस कोसळत असतो, मुंबई-पुण्याची मुले आंबोलीने किंवा बेळगावकडून चोर्ल्याने खाली उतरू लागतात, आणि वळणावर समोरची काच पांढरी होते. त्या वेळी हीटर ही चैन राहत नाही.

काच पांढरी होण्याचे दोन प्रकार आहेत आणि त्यांचे उपाय वेगळे. खाली पेडण्यात, जुलैत, बाहेरची हवा २७-२८ अंशांची आणि पाण्याने जड झालेली असते. एसी काचेवर मारला की काच थंड होते आणि बाष्प बाहेरून धरते. वायपर फिरवला की ते पुसले जाते, लगेच परत येते. इथे हवा काचेवरून काढून पायांकडे वळवायची किंवा थोडी गरम करायची. वर चोर्ल्यात उलटे. बाहेर २०-२१ अंश, आत पाच माणसे, ओल्या छत्र्या, भिजलेल्या चपला. बाष्प आतून धरते. तिथे एसी आणि हीटर दोन्ही एकदम लावायचे. एसी हवेतले पाणी काढून घेतो, हीटर तीच कोरडी हवा गरम करून काचेवर सोडतो. ‘दोन्ही एकदम लावले तर गाडी बिघडेल’ असे सांगणारे काका प्रत्येक कुटुंबात असतात. त्यांना चहा द्यावा आणि बटण लावावे.

माझ्या डिचोलीच्या मामांना दर दोन महिन्यांनी मामीला घेऊन बेळगावला डॉक्टरकडे जावे लागते. साखळी, केरी, चोर्ला, कणकुंबी, जांबोटी असा रस्ता. गेल्या पावसात त्यांची तक्रार सुरू झाली की हीटर पूर्ण लाल टोकावर ठेवला तरी हवा कोमटच येते. चढावर जरा बरी, उतारावर पुन्हा गार. ॲव्हरेजही सतरावरून तेरावर आलेले. जवळच्या एका गॅरेजमध्ये ‘सेन्सर गेला’ म्हणून टेम्परेचर सेन्सर बदलून दिला. फरक शून्य. मामा म्हणाले, “अरे, नवा सेन्सरपण खराबच दिला वाटतं.”

मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो, गाड्यांचा मेस्त नव्हे. पण सेन्सरवर दोषारोप करण्याआधी तो काय सांगतो आहे ते ऐकावे, एवढे मला कळते. हा सेन्सर म्हणजे तापमानाप्रमाणे रोध बदलणारा एक छोटा खडा. गरम झाला की रोध कमी होतो. हा गुण मायकेल फॅरडेला १८३३ मध्ये सिल्व्हर सल्फाइडमध्ये दिसला होता. पुष्कळ गाड्यांच्या सेन्सरचा रोध २० अंशांना साधारण अडीच हजार ओहम आणि ८० अंशांना तीनशेच्या आसपास असतो. गाडीचा कॉम्प्युटर हा रोध वाचून पेट्रोल किती सोडायचे, रेडिएटरचा पंखा कधी लावायचा ते ठरवतो.

मामांच्या गाडीला फोनवर चालणारा छोटा स्कॅनर लावला आणि आम्ही साखळीच्या रस्त्याला लागलो. वीस मिनिटांनंतरही कुलंटचे तापमान ५८ ते ६२. निरोगी इंजिनात ते ९०च्या आसपास असायला हवे. मग सेन्सर खोटा की इंजिन खरेच थंड? गाडी थांबवून रेडिएटरच्या वरच्या होज पाइपवर बंदुकीसारखा इन्फ्रारेड थर्मामीटर धरला. (चकचकीत ॲल्युमिनियमवर धरू नका, तो कमीच दाखवतो, रबरावर धरा.) तिथेही साठच्या आतबाहेर. म्हणजे जुना सेन्सर खरा होता, नवाही खराच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी पूर्ण थंड असताना चालू केली आणि तोच पाइप हाताने धरून उभा राहिलो. इंजिन आणि रेडिएटरच्या मध्ये थर्मोस्टॅट नावाची मेणाच्या गोळीवर चालणारी झडप असते. इंजिन तापेपर्यंत ती बंद राहते आणि साधारण ८२ ते ९० अंशांना उघडते. ती ठीक असेल तर पाइप बराच वेळ गार राहतो आणि मग थोड्याच वेळात एकदम तापतो. मामांचा पाइप पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत गेला. घर उघडले तर आत झडपच नव्हती.

हे आपल्याकडे नवे नाही. खाणींच्या ट्रकांची लाल धूळ रेडिएटरच्या जाळीत भरते, गाडी तापते, आणि जाळी धुण्याऐवजी कोणीतरी थर्मोस्टॅट काढून टाकतो. ‘आपल्या हवेत त्याची गरज नाही’ हे त्यामागचे शास्त्र. गाडी तापायची थांबते, पण इंजिन कायम अर्धवट थंड राहते, पेट्रोल जास्त खाते, झीज वाढते. आणि हीटर तर इंजिनच्या उरलेल्या उष्णतेवरच चालतो, त्याला वेगळी शेगडी नसते. काही इंजिनांत तर झडप काढल्यावर कुलंट रेडिएटरला वळसा घालून फिरते आणि गाडी उलट अधिक तापते. मामांच्या गाडीत नवा थर्मोस्टॅट बसवला, जाळी पाण्याने सावकाश धुतली, विहिरीचे पाणी काढून कुलंट भरले. हजार-दीड हजारात काम झाले. मामी पुढच्या खेपेला जांबोटीपर्यंत झोपून गेली.

इंजिन नव्वदला असूनही हवा गार येत असेल तर मात्र शोध दुसरीकडे न्यावा. केबिनकडे जाणारे दोन बारीक पाइप असतात. एक गरम आणि दुसरा गार असेल तर हीटरची कॉइल गाळाने चोंदलेली असते, किंवा ज्या गाड्यांत हीटरचा व्हॉल्व्ह असतो त्यांत तो अडकलेला असतो. वर्षानुवर्षे विहिरीचे पाणी भरलेल्या गाड्यांत हे खूप दिसते. दोन्ही चांगले गरम आणि हवा गार, तर डॅशबोर्डच्या आतली गरम-थंड हवा मिसळणारी फळी अडकली.

आणि एक गोष्ट मोठ्या अक्षरांत लिहावी अशी. चढावर चांगली गरम हवा येत असताना ती अचानक गार झाली, तर गाडी बाजूला घ्या. बहुधा कुलंट गळून गेलेले असते. अशा वेळी सेन्सर पाण्याबाहेर हवेत उघडा पडू शकतो आणि काटा शांतपणे मध्यावर राहतो, इंजिन मात्र भाजत असते. बऱ्याच नव्या गाड्यांत काटा मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो. ८० ते १०० अंशांच्या मधला चढउतार तो दाखवतच नाही. इंजिन बंद करा, बॉनेट उघडा, पण रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नका. उकळते पाणी दाबाने तोंडावर येते. कुलंट पुरेसे असून काटा नुसता वर चढू लागला असेल, तर हीटर पूर्ण लावून खिडक्या उघडल्याने सपाटीपर्यंत जाण्याइतका वेळ मिळतो.

पेडण्यात मला याच्या अगदी उलट प्रकरण भेटले. मोरजीला समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीच्या गाडीचा पंखा चावी फिरवताच सुरू व्हायचा, सकाळी धुराला पेट्रोलचा वास यायचा, चेक लाइट पेटलेला. स्कॅनरवर कुलंट उणे ४० अंश. मोरजीत! उणे ४० दिसले की तारेत कुठेतरी खंड आहे असे समजावे. कॉम्प्युटरला काहीच ऐकू येत नाही, म्हणून तो गाडी कडाक्याच्या थंडीत आहे असे धरून पेट्रोल ओतत राहतो. प्लग काढून त्याच्या दोन पिना तारेच्या तुकड्याने जोडल्या. आकडा एकदम सव्वाशेच्या वर गेला. म्हणजे पुढची तार आणि कॉम्प्युटर ठीक, दोष सेन्सरपाशी. प्लगच्या आत पाहिले तर एक पिन खाऱ्या हवेने हिरवी होऊन तुटली होती. सेन्सर आणि प्लग दोन्ही बदलले.

“दादा, हे मला आधी कसं कळलं असतं?” तिने विचारले. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी चालू न करता फक्त चावी फिरवायची आणि स्कॅनरवर तीन आकडे पाहायचे: बाहेरची हवा, इंजिनात शिरणारी हवा, कुलंट. सगळे रात्रभर एकाच हवेत निवलेले, त्यामुळे तिन्ही जवळजवळ सारखे हवेत. एखादा दहा अंशांनी वेगळा निघाला तर तो खोटे बोलतो आहे. परवा तिने फोटो पाठवला. २६, २७, २७.