‘लय भारी’च्या पुढे काय?
छंद छायाचित्रणाचा : लेखांक सातवा

पावसाळ्यात बीडकरांच्या फोनमध्ये कपिलधारचा एक तरी फोटो असतो, आणि बहुतेकांचा तो सारखाच असतो. समोर उभं राहून, मोबाइल उभा धरून, धबधबा मधोमध. फोटो मित्रांना जातो, दोन मिनिटांत ‘लय भारी’, ‘एक नंबर’ आणि चार अंगठे येतात, विषय संपतो. कौतुकाला कुणाची हरकत नाही. पण त्यातून पुढच्या पावसाळ्यातला फोटो सुधारत नाही. मागच्या लेखांकात शटरच्या वेगाची चर्चा झाली. या वेळचा विषय आहे काढलेला फोटो कुणाला आणि काय विचारून दाखवावा.

उदाहरणाला कपिलधार सोयीचं. बालाघाटाच्या रांगेत, मांजरसुंब्याजवळ, बेसाल्टच्या काळ्या कड्यावरून पाणी खाली कोसळतं आणि जवळच मन्मथस्वामींचं समाधिमंदिर आहे. ‘परमरहस्य’ लिहिणाऱ्या या वीरशैव संतकवीच्या दर्शनाला कार्तिकी पौर्णिमेला मोठी यात्रा भरते. म्हणजे एकाच जागी निसर्ग, देवस्थान आणि गर्दी. यातलं नेमकं काय टिपायचं होतं, हे पाहणाऱ्याला ठाऊक नसेल तर तो आपल्या आवडीचा सल्ला देणार. एक म्हणेल, माणसं टाळायला हवी होती. दुसरा म्हणेल, माणसांमुळेच तर कड्याची उंची कळते. दोघांचंही बरोबर, आणि फोटो काढणारा होता तिथेच!

हा नुसता आवडीनिवडीचा प्रश्न नाही. फियाप ही छायाचित्रणाची आंतरराष्ट्रीय संघटना, अमेरिकेतली पीएसए आणि ब्रिटनची रॉयल फोटोग्राफिक सोसायटी यांनी २०१४ मध्ये ‘निसर्ग छायाचित्रा’ची एकच व्याख्या मान्य केली. तिच्यात माणसाच्या खुणांना जवळजवळ जागा नाही, आणि चित्रातलं काही पुसायला किंवा नवं जोडायलाही मनाई आहे. स्पर्धेच्या निसर्ग विभागात कपिलधारच्या धबधब्याशेजारी मंदिराचं शिखर दिसलं की फोटो बाद. तोच फोटो प्रवास विभागात शिखरासकट चालतो, किंबहुना शिखरामुळेच उठून दिसतो. तेव्हा मत मागण्याआधी फोटो कशाचा आहे हे एका वाक्यात सांगितलेलं बरं.

मग प्रश्नही नेमका हवा. ‘कसा वाटला?’ या प्रश्नाला ‘छान’ हेच उत्तर मिळतं. ‘पाण्यातला तपशील दिसतोय का?’ असं विचारलं, तर जाणकार मित्र फोटो मोठा करून बघतो आणि सांगतो, “मधलं पांढरं उडालंय.” हे उत्तर कामाचं, कारण त्यामागचं कारण शोधता येतं. चौकटीत बहुतांश ओला काळा दगड असला की कॅमेरा दृश्य अंधारं समजतो आणि उजेड वाढवतो. दगड करडा दिसू लागतो, पाण्याचा मात्र कोरा पांढरा पट्टा होतो. अशा वेळी एक्स्पोजर एखाद्या स्टॉपने खाली आणलं की धारा सुट्या दिसतात. ओल्या दगडावरची चकाकी खटकत असेल तर पोलरायझर फिल्टर ती कमी करतो. शिवाय दीड-दोन स्टॉप उजेड खातो, त्यामुळे पाणी रेशमी करण्यासाठी शटर मंदावणंही सोपं होतं. मात्र तेव्हा ट्रायपॉड हवाच. वाऱ्याने हललेली झाडी ट्रायपॉडलाही सावरता येत नाही, ही गोष्ट वेगळी.

चार हौशी मंडळींनी एकत्र बसून एकमेकांचं काम पाहण्याची ही रीत आपल्याकडे जुनी आहे. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली. लंडनची फोटोग्राफिक सोसायटी तिच्याहून पुरत्या दोन वर्षांनीही मोठी नव्हती! मुंबईच्या संस्थेत डॉ. भाऊ दाजी लाड यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी होते. पेशाने वैद्य, छंदाने छायाचित्रकार. त्याच दशकात मुंबईतून हौशी छायाचित्रकारांच्या चित्रांचा एक अल्बम क्रमशः निघत होता. छपाईत फोटो उतरवण्याची सोय नव्हती, म्हणून त्यात मूळ प्रिंट चिकटवलेल्या असत. पुढे १९३७ मध्ये मुंबईतच फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया उभी राहिली. इंग्लंडात तर प्रिंटांची पेटी टपालाने एका सभासदाकडून दुसऱ्याकडे फिरे. प्रत्येक जण आपला शेरा लिहून ती पुढे धाडी. आठवडेच्या आठवडे वाट पाहावी लागे, पण शेरा लिहिणारा प्रिंट हातात धरून निवांत बघत असे. आजच्या अंगठ्यात नेमकं तेच हरवलंय.

आता थोडं व्यवहाराचं. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो दाबून लहान केला जातो, बारीक तपशील जातो, आणि मित्र नसलेले दोष दाखवतो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला की मूळ फाइल पोचते, शटर-ॲपर्चर-आयएसओच्या नोंदींसह. पण लोकेशन सुरू असेल तर फोटोबरोबर जागेचा पत्ताही जातो. कपिलधारच्या बाबतीत त्याने काही बिघडत नाही. मात्र याच बीड जिल्ह्यात, पाटोदा तालुक्यात, नायगावचं मयूर अभयारण्य आहे. लांडोर जमिनीवर अंडी घालते, तीही पावसाळ्यातच. घरट्याचा फोटो पत्त्यासकट दहा गटांत फिरला तर तिथे कोण पोचेल याचा भरवसा नाही. खरं तर घरट्याचा फोटो काढूच नये. चुकून निघाला तर शाबासकीसाठी फिरवू नये.

तशीच काळजी धबधब्याखाली भिजणाऱ्यांची. अनोळखी बायामाणसांचे, मुलांचे ओल्या कपड्यांतले चेहरे दहा जणांच्या गटात चर्चेला ठेवणं असभ्यपणाचं आहे, मग उजेड कितीही सुरेख पडलेला असो.

पुढच्या लेखांकात कडक उन्हातल्या छायाचित्रणाचा विचार होईल. तोवर वाचकांनी आपल्या पावसाळी फोटोंतला एकच निवडावा, तो कशाचा आहे हे एका ओळीत लिहावं, खाली एक प्रश्न जोडावा आणि तोंडावर खरं बोलणाऱ्या दोनच मित्रांना पाठवावा.