कलम ३३ ते कलम १९४

३ डिसेंबर २०२३ ला छत्तीसगड विधानसभेचे निकाल लागत होते, तेव्हा रायपूरच्या समता कॉलनीतले आम्ही मराठी लोक शहरातल्याच जागांवर डोळे लावून बसलो होतो. मला थक्क केलं ते दूरच्या सरगुजा जिल्ह्यातल्या सीतापूरने. तिथून रामकुमार टोप्पो निवडून आले. सीआरपीएफचे माजी जवान, भाजपचे उमेदवार. हरले ते काँग्रेसचे मंत्री अमरजीत भगत, २००३ पासून सलग जिंकत आलेले. आणि टोप्पोंनी नोकरी सोडली होती ती त्याच वर्षी!

सीआरपीएफ म्हणजे लष्कर नव्हे, ते गृहमंत्रालयाखालचं केंद्रीय दल. पण गणवेशातून विधानसभेत जाण्याची वाट दोघांनाही सारखीच. ती वाट राज्यघटनेत शोधत गेलो आणि अक्षरशः गुंगून गेलो.

सुरुवात कलम ३३ पासून होते. नागरिकाला मिळालेले मूलभूत हक्क सैनिकाच्या आणि सुरक्षा दलांच्या बाबतीत कमी करण्याची मुभा हे कलम संसदेला देतं. म्हणून जवानाला पक्षाचं सदस्य होता येत नाही, कुणाचा प्रचार करता येत नाही. मत मात्र देता येतं. तो ‘सेवा मतदार’ असतो. सीमेवर असला तरी त्याचं नाव गावच्याच यादीत राहतं आणि मत नोंदवलेली मतपत्रिका टपालाने परत येते. बरोबर राहणाऱ्या पत्नीलाही ही सोय होती. सैन्यातल्या बाईच्या नवऱ्याला मात्र ती मिळायला २०२१ ची कायदादुरुस्ती यावी लागली. इतका उशीर का व्हावा, हे मला आजही पटत नाही.

पुढचा टप्पा कलम १९१. सरकारी लाभाचं पद हातात असेल तर आमदारकी लढवता येत नाही. मग हे पद कधीपर्यंत सुटायला हवं? कायदा दिवस नेमून देतो : अर्जांच्या छाननीचा. सीतापूर दुसऱ्या टप्प्यात होतं, तिथली छाननी ३१ ऑक्टोबरला झाली आणि मतदान १७ नोव्हेंबरला. म्हणजे राजकारणावर चार शब्द बोलायची मनाई असलेला माणूस नोकरीतून मोकळा झाला, की काही आठवड्यांत मंत्र्यासमोर उभा राहून मतं मागू शकतो. मधे थांबण्याची सक्ती नाही.

ब्रिटनमध्ये अशाच एका नियमाने वेगळीच गंमत घडवली. तिथे निवडणुकीला उभं राहायचं म्हणून अर्ज मागितला, की सैनिकाला सेवेतून सोडावं लागे. मुदत संपेपर्यंत फौजेत अडकलेल्यांनी ही फट हेरली आणि १९६२-६३ च्या पोटनिवडणुकांसाठी शेकडो सैनिकांनी उमेदवारी अर्ज मागवले! अखेर खरा उमेदवार कोण आणि सुटकेसाठी आलेला कोण, हे पारखायला सरकारला समिती नेमावी लागली.

मराठी माणसाला गणवेशातून सभागृहात जाण्याची ही वाट अनोळखी नाही. सावंतवाडीजवळच्या तिरोड्याचे जगन्नाथराव भोसले ब्रिटिशांच्या हिंदी सैन्यातले सँडहर्स्टचे अधिकारी. सिंगापूर पडल्यावर ते आझाद हिंद सेनेत गेले, नेताजींच्या सरकारात मंत्री झाले आणि १९५२ मध्ये रत्नागिरी भागातून लोकसभेवर निवडून आले. पुनर्वसन खात्याचे उपमंत्री असताना, १९५४ मध्ये, त्यांनी निर्वासितांच्या मुलांसाठी राष्ट्रीय शिस्त योजना सुरू केली. कवायत त्यांनी सभागृहात गेल्यावरही सोडली नाही, मुलांपर्यंत नेली. मुंबईत मंत्रालयाजवळच्या रस्त्याला त्यांचं नाव आहे. यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानला जाणारे त्याच रस्त्याने जातात.

आता कलम १९४. सभागृहात आमदार जे बोलेल त्याबद्दल त्याच्यावर कुठल्याही कोर्टात खटला चालत नाही. बाहेर तेच शब्द बोलला तर कदाचित अब्रूनुकसानीची नोटीस येईल, आत नाही. या देशात बोलण्याची सगळ्यात कमी मोकळीक असलेल्यांत जवान येतो आणि सगळ्यात जास्त असलेल्यांत आमदार. टोप्पोंसारखा माणूस एका वर्षात एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पोचतो. माझ्या मते या साऱ्या प्रवासातलं खरं आश्चर्य हेच, निवडणुकीतला विजय त्यामानाने लहान.

आमदाराच्या या मोकळिकीलाही सीमा आहे, आणि त्यासाठीची छत्तीसगडच्या विधानसभेची एक रीत मला फार आवडते. अध्यक्षांच्या आसनासमोरच्या मोकळ्या जागेला इथे ‘गर्भगृह’ म्हणतात. घोषणा देत तिथे उतरलेला सदस्य आपोआप निलंबित होतो. ठराव नको, मतदान नको. इतर विधानसभांत ज्यासाठी तासन्‌तास गोंधळ चालतो, ते इथे पाऊल पडताक्षणी ठरतं.

टोप्पोंचं जुनं दल आणि हे सभागृह यांचंही एक नातं आहे. बस्तरच्या जंगलात सीआरपीएफच्या तुकड्या राज्य पोलिसांच्या बरोबरीने तैनात असतात. त्या पोलिसांचा खर्च दर वर्षी गृहखात्याच्या अनुदान मागण्यांतून विधानसभेसमोर येतो आणि तो मंजूर करणाऱ्या ९० मतांपैकी एक मत आता सीतापूरच्या माजी जवानाचं आहे.