उपचारासाठी लोकवर्गणी

पूर्वी कुणाचे मोठे ऑपरेशन निघाले की पावतीपुस्तक फिरे. आता मोबाइलवर आवाहन फिरते. 2021 साली मुंबईतल्या एका तान्ह्या मुलीच्या सुमारे 16 कोटींच्या इंजेक्शनसाठी अशी वर्गणी जमली आणि अनेकांची आशा वाढली. पण ज्याचा गोतावळा मोठा, त्याचीच झोळी भरते. देणाऱ्यालाही रकमेखाली संकेतस्थळाची ‘टिप’ आधीच धरलेली दिसते. ती कमी करता येते, हे पुष्कळांना कळतच नाही. म्हणून वाचकहो, हात पसरण्याआधी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात जा. महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. रेशनकार्ड व उत्पन्नाचा दाखला सोबत न्यावा, आणि पहिल्याच दिवशी विचारावे. बिल हातात पडल्यावर नव्हे.