थोरली राजेशाही की धाकटी धाडसी?

दादर टी.टी.च्या सिग्नलला एखादी ‘थार’ उभी राहिली, की तुमची मान आपोआप वळते ना? आणि जुन्या मोटारींची मिरवणूक निघाली, की आजोबाही चष्मा पुसत गॅलरीत येतात. मग घरात वाद, भारी कोण? चला, आज दोघींची परीक्षा घेऊ या.

आधी थोरलीचा मान. १९०८ साली रोल्स-रॉइसची एक ‘सिल्व्हर घोस्ट’ मुंबईत आली. नाव ‘पर्ल ऑफ द ईस्ट’, म्हणजे पूर्वेचा मोती. त्या वर्षी मुंबई-कोल्हापूर मोटार-चाचणी झाली. कोण वेगात धावतं यापेक्षा कोण न बिघडता टिकतं, याची ती कसोटी होती. तेव्हा घाटात डांबरी रस्ते कुठले? तरी ही महाराणी जिंकली! पुढे ती ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी विकत घेतली. तिचं इंजिन सात लिटरचं, पण शक्ती साधारण ४८ अश्वशक्ती. सुरू करायला हँडल मारायचं आणि ब्रेक लागायचा फक्त मागच्या चाकांना.

आता धाकटी. तिचं घराणं आपल्या माझगावचं बरं का! १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीने तिथे अमेरिकन ‘विलीज’ जीपचे सुटे भाग आणून जुळवायला सुरुवात केली. त्याच वंशातली ‘थार’ २०१० मध्ये आली. तिचं नवं रूप २ ऑक्टोबर २०२० ला आलं, तेही नाशिकच्या कारखान्यातून. पेट्रोलवरचं इंजिन अवघं दोन लिटरचं, पण शक्ती थोरलीच्या तिप्पट!

थोरलीला ढकलतात फक्त मागची दोन चाकं. ती चिखलात फिरत राहिली, की गाडी अडलीच. ‘फोर बाय फोर’ थारमध्ये चारही चाकांना जोर देता येतो. शिवाय तिचं पोट जमिनीपासून सुमारे २२ सेंटिमीटर वर. तुमची १५ सेंटिमीटरची पट्टी खाली उभी धरलीत, तरी वर जागा उरेल.

मग थारच भारी? थांबा. दोन काड्यापेट्या घ्या. एक आडवी, एक उभी, अशा पुठ्ठ्यावर ठेवा आणि पुठ्ठा हळूहळू तिरपा करा. आधी कोण पडलं? उभी! उंच गाडीचंही तसंच. म्हणून वळणावर तिला वेग आवरावाच लागतो.

आणखी एक. हिंदमाताला पाणी तुंबलं, की “आपली गाडी उंच आहे, घाला हो बाबा!” असा हट्ट धरू नका. पाण्याखालचा खड्डा किंवा उघडं गटार कोणत्याच गाडीला दिसत नाही. हवेच्या वाटेने पाणी इंजिनात शिरलं, तर चारही चाकांचा जोर फुकट.

तर निकाल असा: खडकाळ वाटेवर धाकटी पहिली. पण साध्या दोन चाकांच्या जोरावर घाट चढणाऱ्या थोरलीला माझा सलाम. तुमचा गुण कोणाला? आई-बाबांशी वाद घाला खुशाल. फक्त गाडीत मागे बसलात, तरी आधी पट्टा लावा!