पिशवी नव्हे, भिंत कापायची
लेखमाला : घास ते पचन – भाग ५

गेल्या भागात आपण आम्लपित्ताच्या गोळ्यांबद्दल बोललो. त्या गोळ्या वर्षानुवर्षे घेऊनही ज्यांचा घास अडकतोच, त्यांच्याविषयी आज.

मानपाडा म्हटले की आमच्या ठाणे जिल्ह्यात आधी विचारतात, घोडबंदर रोडचे की डोंबिवलीचे? कोणत्याही मानपाड्याच्या सोसायटीत सत्तरीचे एखादे आजोबा असे असू शकतात, जे लग्नाच्या पंगतीला बसायचे टाळतात. घरी भाकरी आमटीत कुस्करून खातात, तरी ठसका लागतो. दुपारचा भात संध्याकाळी चप्पल घालायला वाकले की तोंडात येतो. सकाळी उशी ओली असते, तोंडाला वास येतो. घरातले म्हणतात, वय झाले. आणि आम्लपित्ताची गोळी वाढते. वर आलेला घास आंबट होता का, हे मात्र कोणी विचारत नाही. आंबट नसेल, तर तो बहुधा पोटात पोचलाच नव्हता. आजोबांच्या गळ्यात पिशवी असण्याची शक्यता इथे सुरू होते.

घसा संपून अन्ननलिका सुरू होते तिथे क्रिकोफॅरिंजियस नावाचा स्नायू असतो. एरवी तो मिटलेला असतो, गिळताना क्षणभर सैल पडतो. उतारवयात काहींचा हा स्नायू ताठर होतो आणि पुरेसा उघडत नाही. त्याच्या लगेच वर, मागच्या बाजूला, स्नायूंचे आवरण विरळ असलेला एक त्रिकोण आहे. गिळण्याचा दाब तिथे बसत राहतो आणि आतले अस्तर हळूहळू बाहेर फुगते. फाटक वेळेवर उघडले नाही की मागची गर्दी वाट मिळेल तिथे सरकते, हे दिवा स्टेशनच्या फाटकाजवळच्या रहिवाशांना शिकवायला नको. या फुगवट्यात, म्हणजेच त्या पिशवीत, भात साचतो, औषधाच्या गोळ्याही साचतात. रात्री आडवे झाल्यावर तेच श्वासनलिकेत उतरले तर न्यूमोनिया होतो. वजन घटते ते वेगळेच.

लडलो या इंग्लिश शल्यविशारदाने 1769 मध्ये अशा पिशवीचे वर्णन केले. नाव मात्र लागले ते 1877 मध्ये त्यावर लिहिणाऱ्या झेंकर या जर्मन डॉक्टरांचे. पुढे दीर्घकाळ मानेला डावीकडून चीर देऊन पिशवी कापून काढत. त्यात आवाजाच्या नसेला धक्का लागण्याची भीती असे, आणि स्नायू तसाच ठेवला तर पिशवी पुन्हा होई. दोष पिशवीचा नसून स्नायूचा आहे, हे ध्यानात आल्यावर उपचाराची दिशाच बदलली. तोंडावाटे नळी घालून मधली भिंत कापण्याचा प्रयोग अमेरिकेत मॉशर यांनी 1917 मध्ये केला होता, पण एक रुग्ण दगावल्यावर त्यांनी तो सोडला. प्रतिजैविके नसलेल्या त्या काळात छातीत जंतुसंसर्ग पसरला की उपाय नसे. 1960 मध्ये स्वीडनच्या डोलमन यांनी विजेवर चालणाऱ्या उपकरणाने तेच यशस्वी करून दाखवले, आणि 1995 पासून लवचीक दुर्बिणीतून ते होऊ लागले.

आज भूल देऊन तोंडावाटे दुर्बीण घातली की पडद्यावर दोन तोंडे दिसतात : एक पिशवीचे, एक अन्ननलिकेचे. दोहोंमध्ये एक भिंत, आणि त्या भिंतीतच तो हट्टी स्नायू. विजेच्या बारीक सुरीने भिंत कापली की दोन्ही पोकळ्या एक होतात आणि घास खाली घसरतो. पिशवी जागेवरच राहते, फक्त तिच्यात काही साचत नाही. भिंत अर्धवट कापली तर त्रास परततो. फार खोल कापली तर छातीच्या पोकळीत गळती होऊ शकते. म्हणून काही ठिकाणी आधी अस्तराखालून छोटा बोगदा करतात, स्नायू पूर्ण दिसला की तो तळापर्यंत कापतात आणि बोगद्याचे तोंड क्लिपांनी मिटवतात.

ही बोगद्याची युक्ती रुग्णांवर प्रथम वापरली ती जपानच्या हारुहिरो इनोउए यांनी. 2008 मध्ये त्यांनी ती अ‍ॅकलेझियासाठी वापरली. त्या आजारात अन्ननलिकेचे खालचे तोंड सैल पडत नाही, पाणीसुद्धा छातीत अडते, आणि रुग्ण अनेकदा तिशी-चाळिशीतला असतो. तिथे गुण चांगला येतो, पण नंतर जळजळ होऊ शकते आणि आम्लपित्ताची गोळी चालू ठेवावी लागते. हे आधी सांगितलेले बरे.

या कामासाठी आपल्याकडच्यांना परदेशी जायला नको. एंडोस्कोपीतील कामासाठी 2013 मध्ये पद्मश्री मिळालेले डॉ. अमित मायदेव मुंबईचेच. केईएम, नायर, शीव या पालिका रुग्णालयांत पोटविकारांचे स्वतंत्र विभाग आहेत, लोकलने गाठता येतील असे. मात्र दुर्बीण आहे म्हणजे ही सुरी चालवता येते असे नव्हे. अशा किती केसेस केल्या, गळती झाली तर शस्त्रक्रियेची तयारी आहे का, हे विचारायला संकोचू नका. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हा उपचार बसतो का, तेही रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

पिशवीची शंका असेल तर दुर्बिणीआधी बेरियमचा एक्स-रे काढावा. पांढरे औषध गिळत काढलेला हा फोटो जुना आणि स्वस्त आहे. पिशवी त्यात स्पष्ट दिसते. ती आहे हे ठाऊक नसताना दुर्बीण थेट तिच्यात शिरून भोक पडू शकते. याउलट आधी भाकरी, मग भात, मग पेज असा त्रास काही आठवड्यांत वाढत गेला असेल, वजन उतरले असेल, विशेषतः तंबाखू किंवा दारूची सवय असेल, तर कॅन्सर नाही याची खात्री आधी करायला हवी. तिथे दुर्बिणीची तपासणी लांबवू नये, मग रुग्ण चाळिशीचा असो वा ऐंशीचा.

पुढच्या आठवड्यात : अन्ननलिकेतला दाब मोजणारी मॅनोमेट्री. घास अडकण्याचा त्रास असणाऱ्यांनी पंधरा दिवसांची नोंद ठेवावी : काय अडकले, घशात की छातीत, वर आले तर आंबट होते का. डॉक्टरांना ती दाखवा.